पाठमोरं उभं करा

आधी त्यांनी हिराच्या वेण्या सोडल्या.

दोन वेण्या होत्या, वर दुमडून लाल रिबिनीनं बांधलेल्या. तिच्या आईनं पहाटे उठून तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवून पोरीला न्हाऊ घातलं होतं. पेटीच्या तळातला, लग्नाकार्यात घालायचा फ्रॉक काढला होता. फोटो काढायला सांगलीहून माणसं येणार, तर पोर नीट दिसायला नको का? कुठल्याही आईला वाटेल तेच तिला वाटलं.

पुण्याच्या मॅडम गाडीतून उतरल्या. हिराकडं बघितलं आणि कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "हे फारच नीट झालंय."

मग स्वतःच्या हातानं रिबिनी ओढल्या. वेण्या उकलल्या. तेल लावलेले केस विस्कटत नव्हते, म्हणून खालची माती चिमटीत घेऊन वरून भुरभुरली. फ्रॉकवर भावाचा फाटका शर्ट चढवायला लावला. मातीचं एक बोट गालावरनं ओढलं. कॅमेरावाला बसून, उठून, ढेकळात आडवा पडून फोटो काढत होता. हातात एक रिकामी थाळी दिली होती. ती कशाला, कुणी सांगितलं नाही.

हिरा आठ वर्षांची. तिसरीचं पुस्तक घडाघडा वाचते. फोटो झाले तशी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माजं काय चुकलं?"

"तुजं काय बी चुकलं न्हाई."

"मग वेण्या का सोडल्या?"

तिची आई वाघरीपाशी उभी होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती जाळी तिनं दोन्ही मुठीत आवळून धरली होती. मॅडम जाता जाता तिला म्हणाल्या, "छान आहे हं मुलगी. एकदम नॅचरल."

मग माझी पाळी आली.

"ताई, चष्मा काढा."

मी म्हणाले, "का?"

"राग मानू नका, पण चष्म्यात तुम्ही टीचर दिसता."

"मी टीचरच आहे."

त्या हसल्या. "हो हो. पण तुमचा प्रवास दिसायला हवा ना."

चष्मा काढला. घड्याळ काढलं. चपला काढायला लावल्या. खांद्यावर घोंगडं टाकलं. मी म्हणाले, आमच्यात बाया खांद्यावर घोंगडं टाकत नाहीत, ते गड्यांचं. तर म्हणाल्या, "कुणाला कळणार आहे?" मग व्हिडिओसाठी दोन वाक्यं बोलायची होती. मी बोलले. तर म्हणाल्या, "असं नको, शुद्ध नको. तुमची ती हाय-न्हाई भाषा बोला ना. गोड वाटते."

गोड! आमची भाषा बोलतो म्हणून जन्मभर हसू झालं आमचं. ती घासून घासून साफ केली. आता साफ केली म्हणून चालत नाही. घाण लागली की बघायला बरी वाटते होय यांना?

आम्ही माण तालुक्यातली, मेंढरं राखणारी माणसं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आणि मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचं. कराड, वाळवा, आष्टा, काही वाडे, म्हणजे मेंढरांसकट आमचे तळ, कोयनेच्या घाटाकडं. ऊस गेलेल्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळतं, आम्हाला धान्य मिळतं. पाऊसकाळात परत माण. पोरं कुठल्या शाळेत घालायची? गावच्या शाळेत नाव असतं, पण पोर वाड्यावर असते.

वसतिगृहं होती. पण आमच्या लोकांना शाळेची भीती नव्हती, पोर तुटायची भीती होती. पोर तिकडं गेली की आपल्याला विचारत नाही, आपल्या वासाला नाक मुरडते, असं त्यांनी बघितलं होतं. म्हणून मी आणि माझ्यासारखी शिकलेली आमच्यातलीच तिघंजणं, अशा आम्ही चौघांनी ठरवलं की शाळाच वाड्यामागनं चालवायची. वाडा उठला की फळा उठला. वाड्या-वाड्यावर जाऊन म्हाताऱ्यांना शब्द दिला होता मी. "आवं, पोरं तुमच्यापासनं न्यायची न्हाईत. शाळा तुमच्याकडं येणार." त्या शब्दावर पोरं मिळाली. नाव काय ठेवलं नव्हतं. लोकच म्हणायचे, वाड्यावरची शाळा.

त्यात दादासाहेब आले. सांगलीकडचं मोठं घर, उसाचं रान, घरात एक कर्नल, एक डॉक्टर. आमचा वाडा त्यांच्याच रानात बसला होता, तिथं त्यांनी पोरं वाचताना बघितली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला बोलू. संस्था नोंदवली, स्वतः अध्यक्ष झाले. आम्हाला पगार सुरू झाला. पुस्तकं आली, सतरंज्या आल्या, सोलरचा दिवा आला. देवमाणूस, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

मग एके दिवशी ते म्हणाले, "आपलं ब्रँडिंग करायला पाहिजे. आपली ओळख काय? मुंबईच्या देणगीदारांना आपण दिसायला नको?" पुण्याची कंपनी आली, मॅडम आल्या. हिराच्या वेण्या त्या दिवशी सुटल्या.

फोटोच्या त्या दुपारी माझ्या डोळ्यांपुढं दुसरी एक दुपार आली.

मी हिराएवढीच होते. वाडा आष्ट्याच्या बाजूला बसला होता. आबानं, म्हणजे माझ्या वडलांनी, हातापाया पडून मला तिथल्या शाळेत बसवलं होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी नाकाला पदर लावला. "तू दाराजवळ बस. वारा लागतो तिथं." दाराजवळ म्हणजे पोरांच्या चपलांपाशी. मी रोज ओढ्यात अंग घासायचे, दगडानं. कातडं लाल व्हायचं. तरी लोकरीचा वास जात नव्हता, कारण रात्री कोकरं अंगाशी घेऊन झोपायचं असायचं.

एकदा साहेब तपासणीला आले. त्या दिवशी मला पुढच्या ओळीत बसवलं. बाई साहेबांना म्हणाल्या, "बघा साहेब, ही मेंढरामागची पोर. आमच्याकडं वाचायला शिकली." मला उभं केलं. मी धडा वाचला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्या वर्गानं वाजवल्या. मला वाटलं, झालं, आता मी पुढं. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली आणि बाई म्हणाल्या, "जा आता जाग्यावर."

मी चपलांपाशी जाऊन बसले. रडले नाही. पण टाळ्यांची चीड त्या दिवसापासून डोक्यात बसली ती बसलीच.

लोगो दाखवायला आम्हाला सांगलीच्या ऑफिसात बोलावलं. थंडगार खोली, भिंतीवर पडदा. नवं नाव इंग्रजीत होतं, आमच्या एकाही पोराला वाचता आलं नसतं. त्याच्या खाली लाल गोल. भरीव, लालभडक.

मॅडम म्हणाल्या, "हा उगवता सूर्य. ज्ञानाचा प्रकाश. मुलांच्या टी-शर्टवर पाठीवर मोठा घ्यायचा. लांबून सुद्धा ओळखू येईल."

मी खुर्चीतनं उठले.

आमच्यात मेंढराच्या पाठीवर खूण घालतात. ज्याची खूण त्याचं मेंढरू. दोन वाडे एकत्र आले, मेंढरं मिसळली, तरी खुणेवरनं ज्याची त्याला परत करायची. दुसऱ्याच्या मेंढरावर आपली खूण घालणं याच्याइतकी मोठी चोरी आमच्यात नाही. आणि लाल गोल? तो मालकाचा नसतोच. बाजारात सौदा ठरला की व्यापारी लाल रंगात बोळा बुडवतो आणि मेंढराच्या पाठीवर गोल ठप्पा मारतो. म्हणजे हे इकलं. आता ह्याच्याकडं कुणी बघायचं नाही, हे कापायला जायचं. आमची दोन वर्षांची पोरं पण लाल गोल बघितला की त्या कोकराशी खेळायची थांबतात.

मी तिथंच सांगितलं. सगळं सांगितलं. "मॅडम, दुसरं कायबी घ्या. निळं घ्या, पिवळं घ्या. पाठीवर लाल गोल नको. आमची माणसं हबकतील."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "इंटरेस्टिंग आहे हे."

दादासाहेब हसले. रागानं नाही, अगदी लाडानं बोलले. "अगं वेडे, जगात सूर्य म्हणजे सूर्यच. तुमच्या बकऱ्यांच्या बाजारावरनं आपण लोगो ठरवायचा का आता?"

सगळे हसले. आमच्यातला एक शिक्षक पण हसला. त्यालाही लाल गोल माहीत होता. वर बकऱ्या म्हणाले ते, मेंढरं नाही. चार वर्षं आमच्यात वावरून मेंढरू आणि बकरं यातला फरक करायची गरज वाटली नव्हती त्यांना. आणि आम्ही त्यांना देवमाणूस म्हणत होतो.

कार्यक्रम सांगलीत ठेवला. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं. पुढं मुंबईहून आलेले देणगीदार. आमची माणसं टेम्पोतनं आणली, त्यांना मागच्या ओळी. माझा आबा आला होता, धुतलेलं धोतर, नवा पटका बांधून. माझी लेक चालवते ती शाळा म्हणून वाड्यावर सगळ्यांना सांगून आला होता.

स्टेजवर भिंतभर हिरा. पिंजारलेले केस, गालावर माती, हातात रिकामी थाळी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं.

हिरानं मान वर करून ते वाचलं. मोठ्यानंच वाचलं, वर्गात वाचतात तसं. "मी कधीच पाटी पाहिली नाही." मग माझ्याकडं वळली. "बाई, मी बघितलीया की! माज्याकडं दोन हाईत!"

पुढच्या ओळीतली एक बाई मागं वळून म्हणाली, "हाऊ स्वीट."

मग पोरांना टी-शर्ट वाटले. फ्रॉकवरनं, सदऱ्यावरनं घातले. पाठीवर लाल गोल. मागच्या ओळींनी ते बघितलं. आरडाओरडा नाही, काही नाही. हिराची आई उठली, पोरीचा दंड धरला आणि तिची पाठ भिंतीला लावून उभी केली. मग दुसरी उठली. मग तिसरी. बघता बघता सगळी पोरं हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभी. त्यांच्या पुढं त्यांच्या आया. लाल गोल कुणाला दिसू नये म्हणून.

आबा माझ्याजवळ आला. भिंतीकडं बोट केलं त्यानं.

"ही कुणाची खूण गं?"

"संस्थेची."

आबा माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "सौदा कवा झाला?"

मी वाड्या-वाड्यावर शब्द दिला होता. पोरं तुमची राहतील म्हणून. तो शब्द आता त्या पाठींवर लाल होऊन बसला होता.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. माझ्या हातात कागद होता, मॅडमनी लिहून दिलेला. 'मी अंधारात होते. दादासाहेबांनी मला उजेड दाखवला.' चष्मा पिशवीत. घोंगडं खांद्यावर. मी स्टेजवर गेले, संस्थेच्या माणसांनी आयांमागनं पोरंही वर आणली. सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाला, "आता आपली मुलं पाठमोरी उभी राहतील आणि आपल्या नव्या ओळखीचं अनावरण होईल." विंगेतनं मॅडम हातानं खुणावत होत्या. "पाठमोरं उभं करा. लवकर. पाठमोरं."

पोरं माझ्याकडं बघत होती. मी सांगितलं तरच वळणार, ही आमची शिस्त.

मी माईक घेतला.

"पोरांनो, वळायचं न्हाई."

मी पिशवीतनं चष्मा काढला आणि घातला. घोंगडं खाली ठेवलं. तेव्हा मला पुढच्या ओळीतली तोंडं दिसली. सगळी हसरीच होती अजून, कारण त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग.

"ह्या पोरीनं पाटी बघितलीया," मी म्हणाले. "ती तुमच्यापुढं उभी हाय. तिला वाचाय सांगा. आणि हा लाल गोल आमच्यात इकलेल्या जनावराच्या पाठीवर मारत्यात. मी सांगितलं व्हतं. हसला तुमी. ही पोरं इकायची न्हाईत. आन् इकत घ्यायची बी न्हाईत."

दादासाहेब पुढच्या ओळीतनं म्हणाले, "अगं, एका मिनिटाचं काम आहे. नंतर बोलू आपण."

"न्हाई. आत्ताच."

एवढंच बोलले आणि माईक बंद झाला. कुणीतरी मागनं वायर काढली. गाणं लागलं. मी पोरांना म्हणाले, काढा. पोरांनी टी-शर्ट काढले. स्टेजवर ढीग पडला. हिरानं तिचा नीट घडी घालून ठेवला, शाळेत सतरंजी घडी करायला शिकवली होती तशी.

आणि पुढच्या ओळीनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. त्यांना काय कळलं देव जाणे.

बाहेरच्या बोळात दादासाहेबांनी मला गाठलं. लाड संपला होता. "तुला उभं कुणी केलं, विसरलीस का?"

"आबानं केलं," मी म्हणाले. "डी.एड.ला घालायला कळपातली निवडक मेंढरं इकली त्यानं. त्या सगळ्यांच्या पाठीवर लाल गोल मी माज्या डोळ्यानं बघितलाय. दादासाहेब, तुमच्या आधीचा हाय तो."

ते म्हणाले, "कृतघ्न जात." जात म्हणाले. आजवर कधी म्हणाले नव्हते. पोटातलं ओठांवर आलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी फोन आला, येऊ नका. जीप आली, पुस्तकं, सतरंज्या, दिवा घेऊन गेली. आमच्या चौघांतले दोघं संस्थेकडं राहिले. त्यांना घरं आहेत, मी काही बोलत नाही. पण वाईट वाटलं ते वाटलंच.

आणि एवढं होऊन सगळे वाडे माझ्या मागं उभे राहिले असं समजू नका. निम्म्या लोकांनी पोरं काढून घेतली. हिराच्या चुलत्यानं मला तोंडावर सांगितलं, "तुज्यावर इस्वास हाय गं. शाळंवर न्हाई ऱ्हायला." त्याचं काय चुकलं? लाल गोल त्याच्या पोराच्या पाठीवर होता, माझ्या पाठीवर नव्हता.

हिराचा फोटो अजून आहे. ऑफिसबाहेर आहे, मोबाईलवर आहे. कुणीतरी तो वाड्यावर आणून दाखवला, पोरं तिला थाळी म्हणून चिडवतात. ती आता वेण्या घालून घेत नाही. आई फणी घेऊन बसली की उठून मेंढरांत जाते.

दर महिन्याला मी आणि हिराची आई सांगलीला त्या ऑफिसात जातो. फोटो उतरवा म्हणतो. बसवून ठेवतात, चहा विचारतात. "साहेब बाहेर गेलेत." आम्ही दारातल्या चपलांपाशी बसत नाही. आत जाऊन खुर्चीवर बसतो आणि ऑफिस बंद होईस्तोवर उठत नाही. पुढच्या महिन्यात परत जाणार. फोटो उतरेस्तोवर जाणार. मी मेले तर हिरा जाईल, तिला वाचता येतं, पत्ता सापडेल तिला.

यंदा दिवाळीनंतर वाडे उतरतील तशी मी पण उतरणार. जेवढी पोरं येतील तेवढी. फळा आबानं पेटीच्या पत्र्याचा केलाय, काळा रंग देऊन. कुणी विचारलं, तुमच्या शाळेचं नाव काय, ओळख काय, तर मी सांगणार न्हाई. बोर्ड न्हाई, खूण न्हाई. खूण आमी मेंढरावर घालतो, पोरांवर न्हाई. कॅमेरा घेऊन कोण आला, तर आदी पोरीला इचारावं लागंल. ती न्हाई म्हणाली की आल्या वाटंनं परत जायचं, मग तो कुणी बी असू दे.

आमच्या पोरांच्या पाठी कोऱ्या ऱ्हाणार. ज्याला पोरं बघायची असतील, त्यानं पुढनं यावं आणि तोंडाकडं बघून बोलावं.